तीस दिवसांनंतर आम्ही जबाबदार नाही

असं पावतीच्या मागे छापलंय, लाल शाईत,
दुकान सुरू झालं तेव्हापासून.
आज ऐंशीव्या दिवशी शटर वर केलं
तर आधी कुबट वास बाहेर आला,
मग एक पाल,
मग मी आत गेले.

सगळे जिथल्या तिथे.
हँगरवर, पिशव्यांत, खांद्याला खांदा लावून.
एवढी दाटी
अख्ख्या नाशकात दुसरीकडे उरली नव्हती.

भास्कर आला नाही.
पहाटे येऊन दारासमोर चुन्याचे गोल आखून गेला,
आणि म्हणाला, तू बघ आजचा दिवस.
खळीच्या बादल्यांत त्यानं मेथी लावलीय गच्चीवर,
तिला पाणी घालायचं असतं म्हणे.
मी काही बोलले नाही.
मला तर कधी एकदा कुलूप काढते असं झालं होतं,
आणि कुलूप काढताना हात थरथरला, तेही खरं.

रविवार कारंजावर कुणीतरी हॉर्न वाजवला.
कानाला बरं वाटलं.
दुसऱ्यानं वाजवला, तेव्हा नको झालं.

समोर कोठावदे भांडीवाले
बंद दुकानाच्या पायरीवर बसून आमची बाजू बघत होते.
त्यांची बाजू उद्या.

पहिला आला थेट्यांचा मुलगा, कोट न्यायला.
"लग्न झालं, मामी. गच्चीवर. वीस माणसं."
टी-शर्टवरच कोट चढवला, गोलात उभा राहून
स्वतःचा फोटो काढला,
आणि विचारलं, आता हा घालू कुठे?

क्षेमकल्याणी बाईंच्या सहा सुती साड्या.
शाळा मोबाईलवर; वरून पदर, खाली गाऊन.
हसल्या, मग मास्क सारखा करून हळूच म्हणाल्या,
"खरं सांगू? मला परत जायचंच नाहीये."
चोरी कबूल करावी तसं.

अहिरे सातपूरहून सायकलवर.
गणवेशाचे तीन शर्ट.
"खिशावरचं कंपनीचं नाव उसवून मिळेल का?
कापड चांगलंय अजून."
ब्लेडनं एकेक टाका काढत बसले.
नाव गेलं, पण त्याच्या जागी
कापड गडद राहिलं,
वाचता येईल इतकं.

नोटा लोक काउंटरच्या कडेला ठेवत,
बोटांच्या टोकांनी, आणि मागे सरत.
मी त्यांच्यावरून इस्त्री फिरवत होते.
शंभराची नोट इतकी कडक
मी आयुष्यात पाहिली नाही.

चारच्या सुमारास निमसेकाकू.
आठ घड्या घातलेली पावती उलगडली.
क्रमांक चारशे बारा, राखी सफारी, एक नग.
मला कळलं होतं एप्रिलमध्येच.
ओळखीच्या दोघांना फोन केला होता तेव्हा,
त्यांना केला नव्हता.
सफारी उतरवून दिली.
काकूंनी हात लावला नाही.
पैसे ठेवले, सुटे, मोजून,
आणि म्हणाल्या, "असू दे तुमच्याकडेच.
येईन मी पुन्हा."
तीस दिवसांचं त्यांनी वाचलं नसेल असं नाही.
चौतीस वर्षं पोस्टात होत्या.

मी ती परत टांगली.
पुढच्या खिळ्याला, रस्त्यावरून दिसेल अशी.
मग वाटलं, नको, मागेच बरी.
मग पुन्हा पुढे.

पाचला पोलिसांची गाडी भोंगा वाजवत आली.
गल्ल्यात सातशे चाळीस रुपये, अजून कोमट.
चालतच निघाले. होळकर पुलावर थांबले जराशी.
गोदेचं पाणी मधे इतकं नितळ झालं होतं
की तळ दिसायचा, असं सगळे सांगतात.
मी घरात होते, मला दिसला नाही.
आता पुन्हा हिरवट, आणि एक चप्पल तरंगतेय.

शेजारी एक माणूस कठड्याला येऊन टेकला.
मी सरकले. तोही सरकला.
बहुतेक दोघंही हसलो.

भास्करचा फोन: मेथी खुडून ठेवलीय,
येताना लसूण आण, आणि आधी अंघोळ.
मग जरा थांबून: "कोण कोण आलं होतं?"

घरी आल्यावर सांगते, म्हटलं.
उद्या समोरच्यांची बाजू.
परवा परत आपली.