जोरात मार

पप्पा आले तेव्हा चौकात त्यांचा फ्लेक्स होता,
'हवालदार संग्राम इंगवले यांचे सहर्ष स्वागत'.
फ्लेक्सवर दोन्ही पाय होते.
फोटो लग्नातला,
टोपी नंतर कुणीतरी कॉम्प्युटरवर घातलेली.
हलगी वाजणार होती. आई आदल्या रात्री
तालमीत जाऊन सांगून आली, वाजवायची नाही.
पोरांना वाटलं, भाव खाते.

तीन आठवड्यांनी त्याच बांबूंवर
कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढला.
आमचा मुजावर काकांनी मागून नेला,
गोठ्यावर टाकला.
पप्पांच्या हसण्याखाली आता वैरण कोरडी राहते.

पुण्याच्या हॉस्पिटलात नर्सबाई मला म्हणाली होती,
मुलगी ना तू? मग 'आलो', 'गेलो' काय म्हणतेस?
पप्पा उशीवरनं म्हणाले,
कोल्हापूरची हाय ती.
महिन्याभरातलं त्यांचं पहिलं वाक्य.
दुसरं यायला आणखी बरेच दिवस लागले.

घरात आता नियम आहेत. कुणी लिहिले नाहीत.
कुकरची शिट्टी व्हायच्या आधी ओरडायचं, "शिट्टी!"
झोपेतनं उठवताना हात लावायचा नाही,
दारात उभं राहून हाक मारायची.
पायाकडं बघायचं नाही.
बघत नाही, हे दिसूही द्यायचं नाही.

आई टीमचे टी-शर्ट शिवते.
तिनं पप्पांच्या सगळ्या पँटींना डावीकडं
गुडघ्यापासून खाली चेन लावली,
नवा पाय घालायला-काढायला बरं.
रात्री चेन उघडल्याचा आवाज भिंतीतून येतो.
मग बराच वेळ काहीच येत नाही.

आधी सुट्टीवर आले की आम्ही गंगावेशीत कट्ट्यावर जायचो,
म्हशी समोर, धार समोर, फेस त्यांच्या मिशीला.
आता आई किटलीतनं आणते.
"तेच दूध हाय," म्हणते.
वाटेत ते थंड होतं.

मी लेफ्ट विंगला खेळतो.
म्हणजे खेळायचो. बूट माळ्यावर टाकलो
ते कुणी सांगितलं म्हणून नाही.
धावताना लाज वाटायची.

रविवारी दुपारी आई झोपली होती.
पप्पा गच्चीवर गेले, बसून, उलटे,
एकेक पायरी मागं सरकत.
मी खालनं मोजलो, बावीस.
मग वरनं हाक आली. बूट त्यांच्याच हातात होते.
"चिखल तसाच ठेवतात व्हय?"
पाण्याची टाकी आणि कुंडी यांच्या मध्ये उभे राहिले.
"मार."

मी हळू मारलो.
बॉल गडगडत गेला, त्यांनी वाकायच्या आधी थांबला.
"मी पाव्हणा हाय काय तुझा?
जोरात मार, वेद्या."

मारलो.
रागानं मारलो. राग त्यांच्यावर होता
हे पाय उचलल्यावर कळलं.

बॉल नव्या पायावर आदळला,
बादलीवर दगड पडावा तसा आवाज,
उडाला, कठड्यावरनं थेट गोठ्यावर,
बहुतेक त्यांच्याच गालावर.
म्हैस हंबरली. काका ओरडले, "कोण हाय रे त्ये?"

पप्पा धपकन खाली बसले.
कठड्याच्या आड, डोकं हातांत.
खांदे हलत होते.

मी तिथंच उभा.
हात लावायचा नाही.
दारात उभं राहून हाक मारायची.
गच्चीला दार नव्हतं.

मग त्यांनीच माझा शर्ट खेचला.
"खाली बस की, दिसशील!"
डोळ्यांत पाणी होतं.
हसण्याचं होतं. सगळंच हसण्याचं होतं का,
विचारलो नाही.

आई जिन्यातनं, बोटात अंगुस्तान तसंच:
"काय पडलं? कोण पडलं?"

बॉल अजून काकांकडंच आहे.
मागायला कोण जायचं यावर दोन दिवस भांडण चाललंय.
पप्पा म्हणतात, मारलास तू, तू जा.
मी म्हणतो,
लागला तुमच्या पायाला.