जुने फोटो आणा

सुई टोचून बघा ना, नाझिब्रोला म्हणते,
गावात सगळे म्हणतात, आधी सुई.
मी नाही म्हणते. जुने फोटो आणा म्हणते.
ती नवऱ्याकडे बघते: तिबिलिसीची एवढी मोठी डॉक्टरीण,
आणि हिला आमचं लग्न बघायचंय.

मेस्तियाहून नऊ तास, मिनीबसने.
दुसऱ्या खेपेला मुर्मान बिस्किटांचा डबा आणतो,
वर सुतळी, आत सगळं घराणं.

टेबलावर पत्त्यांसारखे मांडते.
परवाचा, नमद्याच्या टोप्या विकताना:
डावा डोळा खाली उतरलेला, किंचित नाकाकडे.
मेंढ्यासोबतचा: तेच, पण कमी.
पारपत्राचा: शंका.
लग्नातला: पट्टी लावते. बाहुल्या एका रेषेत.
म्हणजे बारा वर्षं हा गोळा
अश्रूंच्या ग्रंथीत राहतोय,
भाडं न देता, न दुखवता.
सहा महिन्यांचा असता, ठणकत असता,
तर मी आत्ता वेगळ्या आवाजात बोलले असते.

मुर्मान सुतार आहे. त्याला सांगते,
खोबणीत पिकलं अंजीर अडकलंय समजा.
सालीला भोक पडलं की बिया सांडतात,
मग वीस वर्षांनीसुद्धा उगवतात.
सालीसकट काढायचं, अख्खं, एकदाच.
तो हवेत बोटांनी माप घेतो.
'मग चौकटीची बाजू सोडवावी लागणार.'
हो. कानाकडची हाडाची कड कापून बाजूला ठेवू,
नंतर परत बसवू.
'खिळ्यांनी?'
स्क्रूंनी. टायटेनियमच्या.
तो मान डोलावतो, आल्यापासून पहिल्यांदा खूश.

गुरुवारी साडेतीन तास.
गोळा निघाला तेव्हा कुणी बोललं नाही.
दिव्याखाली फिरवला, पूर्ण फिरवला.
एका जागी साल पातळ होती, नखाएवढी.
फाटलेली नव्हती. असं मी लिहिलं.
असं मला वाटतं.

तपासणीचा कागद सौम्य म्हणाला.
नाझिब्रोलाने विचारलं, आता रडता येईल?
थोडं. कोरडं वाटेल, थेंब घालत जा.
आमच्याकडे मयताला बायका बघत असतात, ती म्हणाली,
कोण किती रडतंय.
मग मी डावी बाजू भिंतीकडे करून उभी राहीन.

वर्षाला एक फोटो, समोरून, असं ठरलं होतं.
यंदाचा आलाय.
ती मेंढीकडे बघतेय,
टोपी डाव्या भुवईवर ओढलेली.
मी फोन लावते. तिकडे बर्फ पडतोय, लागत नाही.
पट्टी टेबलावरच राहू देते.