पांढरं शेवटी

बारा वर्षं ह्या मशीननं
वडगावची तोंडं छापली.
पासपोर्टला, कॉलेजच्या फॉर्मला, स्थळाला दाखवायला,
मयताच्या फ्रेमला.
एकाच्या आठ कॉप्या, कापून, पाकिटात.
मग लोक हात लांब करून
आपलं तोंड आपणच काढायला लागले.

दिवाळी झाल्यावर एका रात्री
शटर अर्धं ओढून
मी त्याची पाठ उघडली.
आत बारकी दातेरी चाकं असतात,
कागद दाबून पुढं ढकलणारी.
ती ओल्या शाईवर पाय देत चालतात
म्हणून काढायची. एकेक. चिमट्यानं.
सतरा निघाली.
अठरावं घरंगळत कपाटाखाली गेलं,
अजून तिथंच आहे.

कागद आला का बघणाऱ्या सेन्सरवर
काळ्या पट्टीचा तुकडा डकवून सांगितलं,
आलाय बाबा, तू चल.

फिकट निळ्याची आणि फिकट गुलाबीची टाकी धुतली.
ह्याच दोघांनी नवऱ्यामुलींचे गाल
मऊ करून दिले होते.
तिथं पांढरं ओतलं.

पांढरी शाई जड.
रात्रभर गप्प बसली की तळ गाठते
आणि सकाळी नोझल बंद.
खोकल्याच्या औषधागत हलवायची, रोज.
संकेश्वरला लग्नाला गेलो,
अक्षता हातात, फोन कानाला :
"भरमाण्णा, हलवलास काय?"
"हलवलो की."
हलवला नव्हता.
चार दिवस सिरिंज, नळी, क्लीनिंगचं पाणी,
आणि जेवताना भाताला लागणारी निळी बोटं.

फिल्मवर सगळं उलटं चालतं.
डावं उजवीकडं. रंग आधी, पांढरं शेवटी.
कापडावर पालथं घातलं की
शेवटचं ते तळाला जातं
आणि रंगाला वर धरून बसतं.
काळ्या टी-शर्टावर लाल, लाल का दिसतो
हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

वर पावडर, बारीक मिठासारखी.
ओल्या शाईला धरते, बाकीची झटकायची.
खरं कोरड्या थंडीत ती कुठंही चिकटते,
कोऱ्या फिल्मला, स्वेटरला, मिशीला.
मग सुलभाचा नानकटाईचा ओव्हन.
पहिल्या धुरानंतर तिनं त्याच्या दारावर
मार्करनं लिहून टाकलं : विष.
दुसऱ्या दिवशी पावडर मोजायला
तिचाच पोह्याचा चमचा घेतला, ते अजून सांगितलेलं नाही.

पहिली ऑर्डर मागाच्या गल्लीतली.
व्हॉलीबॉलचे बारा टी-शर्ट,
सात नावं मराठीत, पाच कन्नडात.
सॉफ्टवेअरला दोन्ही येत नव्हत्या.
किणेकराची वेलांटी क सोडून ण जवळ जाऊन बसली,
मल्लप्पाच्या पायातली जोडाक्षरं सुटली
आणि ओळीत येऊन उभी राहिली, शाळेत उशिरा आल्यागत.
पिको-फॉलवाली शिवलीला मदतीला आली.
नावांची चित्रं करून घातली तेव्हा जमलं.

छापून निघालेली फिल्म तिनं ट्यूबलाइटखाली धरली.
नुसती पांढरी, उलटी वळणं.
"ह्यातलं माझं कुठलं, तुमचं कुठलं?"
मी चष्मा काढला, पुसला, घातला.
"फिरव की जरा," म्हणालो.

प्रेस इचलकरंजीचा, सेकंडहँड,
एकशे साठला पंधरा सेकंद.
मग थांबायचं. गार होईपर्यंत सोलायचं नाही.
हेच जमत नाही.
पहिल्या शर्टावरचा र फिल्मबरोबर परत आला.
सहाव्याला लाइट गेली.
अंधारात आम्ही दोघं टी-शर्टावर तळवा ठेवून
गरम आहे का बघत बसलो,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

नवव्याच्या पाठीवर, आकड्यातून आडवी,
केसाएवढी पुसट रेघ.
पांढरं एक नोझल परत बसलं होतं.
इराप्पानं शर्ट वळवून वळवून बघितला.
"डिझाइन हाय काय हे?"
"होय," मी म्हणालो.

संध्याकाळी उरलेले अकरा जण दारात.
त्यांनाही रेघ पाहिजे.