मांजर आणि फुलपाखरू

मंगळवारी हेक्समच्या लिलावघरात
कुणीही यावं, काहीही आणावं,
मी फुकट किंमत सांगते.

आज चार चहादाण्या, 'बदल'वर काटा अडकलेला एक बॅरोमीटर,
आणि अकरा वाजता ओल्या टोपीतले मिस्टर चार्लटन.
टेबलावर त्यांनी हातरुमाल सोडला
शिदोरी सोडावी तसा.

अंगठ्याएवढं जेड.
पाणी घातलेल्या ताकाचा रंग,
एका कडेला दगडाची मूळची तांबूस साल.
कारागिराने ती वाया घालवली नव्हती,
तिचीच मांजराची पाठ केली होती.
मांजर वर बघतंय.
नाकाच्या जरासं पुढे फुलपाखरू,
अडीचशे वर्षं झाली, अजून हाती लागलेलं नाही.

मी भिंग लावलं. कान पार झिजलेले.
"खिशात असतं का हे?"
"बासष्ट सालापासून. डाव्या.
एनिडचं होतं. तिच्या मामाने टिएन्त्सिनहून आणलेलं,
बोटीवर इंजिनीअर होता तो.
लग्नाच्या सकाळी तिने माझ्या कोटात टाकलं.
याला काही अर्थ असतो का?"

असतो.
तिकडे शकुन म्हणजे श्लेष.
वटवाघळाचा उच्चार सुखासारखा,
म्हणून आपण ज्याला घरात शिरू देत नाही
ते तिथे वाडग्यावर पाचाच्या थव्याने उडतं.
मासा म्हणजे पुरून उरणं.
आणि आमच्याकडे जे आडवं गेलं
की माणूस चार पावलं मागे येतो,
ते मांजर, शेजारी हे फुलपाखरू,
दोघांची नावं एका दमात घेतली
की कानाला ऐकू येतं: ऐंशी वर्षं जग.

हे त्यांना सांगितलं. शेवटचं जरा हळू.

रेडिएटरमध्ये पाणी ठोकत राहिलं.
"ती अठ्ठावन्नची होती," ते म्हणाले.
आणि बऱ्याच वेळाने,
"मला एप्रिलमध्ये शहाऐंशी लागेल."

माझ्या तोंडात एक शब्द आला, अहेव मरण.
कुंकवासकट जाणं, जे आमच्या बायका
देवापाशी मागून घेत आल्या.
इंग्रजीत नेईपर्यंत त्याचं भलतंच काही झालं असतं.
दाताखाली धरला तसाच.

"म्हणजे लागू पडलं म्हणायचं," चार्लटन म्हणाले,
"फक्त खिसा चुकला."

फॉर्मवर लिहिलं: चिंग काळ, अठरावं शतक,
उंची पावणेदोन इंच, कानांवर झीज.
पाचशे ते आठशे पौंड.
अर्थाला रकाना नाही.

त्यांना रुमालाची गाठ जमेना.
मी तिच्यावर बोट ठेवलं, त्यांनी दोन्ही टोकं ओढली,
बोट अडकलं, दोघंही "सॉरी" म्हणालो.
विकणार का, ते मी विचारलं नाही.

जाताना पुडकं त्यांनी उजव्या खिशात घातलं.
खिडकीतून दिसत होतं, बसथांब्यावर
ते डाव्या खिशात काहीतरी शोधत होते.
बस आली, दार उघडून थांबली,
तरी हात बाहेर निघेना.