पन्हळ

पहाटे चारला आम्ही माळावर असतो.
काच तापायच्या आत पाणी मारावं लागतं,
तापल्या काचेला गार पाणी सोसत नाही, तडकते.
लांब दांड्याचे पोचे घेऊन मी, निंगव्वा, शांतव्वा
आणि बाळंतपणातून नुकतीच उठलेली कस्तुरा.
पूर्वेला जतचा माळ राखाडी,
मागं उमदीच्या रस्त्यावर एखादा ट्रक.

बारा हजार काचा. पंधरवड्याला एक फेरी.
काचेला दोन लिटर.
मला माहीत, कारण नोंदवही माझ्याकडे.
बारावी झालेली मी एकटीच,
म्हणून मगदूम सुपरवायझरांनी पेन माझ्या हातात दिलं.
रकाने दोनच: आलं, गेलं.

कंपनीचा टँकर दिवसाआड येतो.
गावाचा चौथ्या दिवशी, कधी पाचव्या.
गावाला हिशेब माणशी वीस लिटरचा.
म्हणजे दहा काचा म्हणजे एक माणूस.
हा भागाकार मला कुणी सांगितला नव्हता,
एका सकाळी समासात पेन्सिलीनं आपोआप झाला.
रोजच्या आठशे काचा म्हणजे ऐंशी माणसं,
म्हणजे आमची अख्खी गल्ली,
निंगव्वाकडच्या पाहुण्यांसकट.
खोडरबर होतं. खोडलं नाही.

उन्हाच्या विजेवर मी रुसलेली नाही.
माझा चुलता वीटभट्टीची राख गिळत गेला.
आणि पाऊस कसा वागायला लागलाय
हे आम्हाला पुस्तकातून कळलेलं नाही:
दोन वर्षं पाठ फिरवतो,
तिसऱ्या वर्षी एका रात्रीत
ओढ्याकाठची अंगणवाडी घेऊन जातो,
पाट्या, पाळणा, पोषण आहाराच्या पोत्यासकट.
काचा हव्यातच.
मी फक्त विचारते, काचेखालची सावली कुणाच्या नावावर?

हे गायरान होतं.
बिराप्पाची मेंढरं इथं पवन्या खायची.
आता तारेचं कुंपण, त्यावर हिरवी पाटी, पाटीवर पान.
एवढं हिरवं पान या माळावर
मी तरी पाहिलेलं नाही.
बिराप्पा रस्त्याच्या कडेनं कळप नेतो,
मेंढरं कुंपणाशी थांबतात, त्यांना वाचता येत नाही.

आणि काचेवरून ओघळलेलं पाणी
जिथं पडतं, तिथंच गवत.
ओळीनं, फूटपट्टीनं आखल्यासारखं.
ते गवत काढायला कंपनी विट्याहून माणसं बोलावते,
मजुरी देऊन.
शांतव्वा म्हणाली, "आणि मेंढरं फुकट काढतील, त्यांना बंदी."
मगदूम साहेब हसले नाहीत. वाईट माणूस नाही तो.
"वर विचारतो," म्हणाले.
वर म्हणजे कुठं, ते त्यांनाही नीट माहीत नसावं.

वरून उत्तर यायचं तेव्हा येईल.
आम्ही शाळेच्या मोडीतले प्लास्टिक पाइप उभे चिरले,
शेवटच्या आठ ओळींखाली तारेनं बांधले.
उतार काढायला चहाच्या बशीत पाणी घेतलं,
बशी कुठं कलते बघत दोन दिवस गेले.
निंगव्वानं मधेच एक पाइप उलटा बांधला होता,
त्यावर भांडण झालं, ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

सोमवारी पिंपात उतरलं दोनशे दहा लिटर.
साडेदहा माणसं.
अर्धं माणूस कोण, असं मी म्हटलं
तर कस्तुरानं झोळीकडे बोट केलं.

पिण्याजोगं नाही ते, धुळीचं आहे.
धुण्याला चालतं. जनावरांना चालेल असं वाटलं,
म्हणून कुंपणाखालून पाइप बाहेर काढला, दगडी डोणीत सोडला.
पहिल्या दिवशी मेंढरांनी हुंगलं आणि तोंड फिरवलं.
बिराप्पा काही बोलला नाही,
डोणीतली धूळ पंजानं काढत बसला.
दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या मेंढीनं तोंड घातलं,
मग सगळ्यांनी.

दुष्काळ हटला असं कुणी लिहू नये.
गायरानाचं भाडं पंचायतीत किती येतं,
ते मी तीनदा विचारलं, तिन्हीदा ग्रामसेवक मीटिंगला.
चौथ्यांदा आम्ही चौघी जाणार आहोत,
पोचे घेऊन, कारण कामावरूनच जावं लागेल.

वहीत मी तिसरा रकाना आखला आहे.
पट्टी नव्हती, तिरकाच आला.
वर लिहिलं: परत.
मगदूम साहेबांनी पानावर सही केली,
रकाना पाहून केली की न पाहता,
ते मी अजून विचारलेलं नाही.