एका खांबावर तीन

टूसॉनला सकाळी सहालाच ऊन चटके देतं.
एर्लिंडा मागच्या दारी उभी,
हातातली कॉफी विसरून.

विजेच्या खांबावर ससाणा.
दुसरा आला, जागा नव्हती,
तर सरळ पहिल्याच्या पाठीवरच उतरला.
मग तिसरा.
खालचा जरासा हलला, इतकंच.

काल तिनं लेकाला फोनवर सांगितलं होतं,
बायकापोरं घेऊन नको येऊस, घर लहान पडतं.

कुंपणापलीकडून प्रूइट ओरडला,
"मांजर आत घे!"
मांजर केव्हाच पलंगाखाली.

तिनं नळीनं पक्ष्यांचं भांडं भरलं.
सगळ्यात वरचा खाली आला,
पिवळे पाय पाण्यात बुडवून उभा राहिला.
प्यायला नाही.
नुसता बघत राहिला तिच्याकडे,
घरमालक भाडेकरूकडे बघतो तसा.