मीटरवरचं नाव

जोविटो स्लॅबवर चढला
तो चपला जिन्याशी काढून, देवळात शिरावं तसा.
पुढची कौलं नाजूक, म्हणाला, तिथं नको.
पडवीवर बसतील सहा.
पण हा माड?
तीन वाजता त्याची सावली शेवटच्या पॅनेलवर येते,
आणि एक झाकलं की अख्खी रांग आळसावते.

तीन किलोवॅट. एक लाख ब्याण्णव हजार.
अनुदान अठ्ठ्याहत्तर, तेही मागाहून;
आधी आपण घालायचे, मग खात्यावर डोळे लावायचे.
शैलानं गॅसच्या पावतीमागे भागाकार केला:
आठ वर्षं, वर आठ महिने.
मी तेव्हा एकोणसत्तर.
पावसाळा तिनं धरलाच नव्हता.

अर्जावरचं नाव आणि मीटरवरचं नाव
एकच हवं, जोविटो म्हणाला.

मीटरवर बाबा आहेत.
सगुण रामा तारी. वारून चौदा वर्षं झाली,
दर महिन्याला त्यांना बिल येतं
आणि ते मुदतीच्या आत भरतात.

मग ना-हरकती.
प्रभाची काणकोणहून आली, सहीबरोबर एक नीरफणस.
उमाकांत स्विंडनला, गोदामात.
तिथं दुपारी चारला काळोख पडलेला.
फोनवर म्हणाला,
छपरावरच्या उन्हात माझा वाटा किती रे?
हसला. मीही हसलो.
मग लाइन चालू असून
बराच वेळ कुणी बोललं नाही.

जोविटो समजावत होता:
दिवसा तुमची वीज तारेवरून बाहेर जाणार,
रात्री तुम्ही ती परत घेणार,
मीटर दोन्ही मोजणार.
मी म्हटलं, कळलं.
बाबा तेहतीस वर्षं दुर्भाटच्या फेरीबोटीवर होते.
सकाळी माणसं रासईला, सांजेला तीच माणसं अलीकडे.
दोर टाकायचा, दोर सोडायचा.
मोजायचं मात्र कधी कुणी सांगितलं नाही त्यांना.

वीज खात्यातल्या बाईंनी जुनं नाव काढलं
एका बोटानं, चहाचा कप न ठेवता.
शेवटचं बिल मी जपून ठेवलंय:
सगुण रामा तारी, थकबाकी शून्य.
गावात दोन दुकानांत त्यांची वही
कधी शून्यावर आली नव्हती.

माड आहे तिथंच आहे.
शैलानं पावती काढली,
आठ वर्षं आठ महिने खोडलं,
वर लिहिलं, दहा,
आणि कंसात, नारळ धरून.